पेठच्या मोटारीचा ब्रेक

ब्रेक ओरडायला लागला की लगेच चाक काढायचं नाही, ही आमच्या मिस्त्रींची पहिली शिकवण. "आवाजाला आधी वेळ विचार, बेटा," ते म्हणत. सकाळी पहिल्या दाबाला ओरडून मग गप्प होत असेल तर रात्रीच्या दवाने ड्रमला गंज चढलेला असतो, चार वेळा दाबला की पुसला जातो. त्याला हात लावायचा नाही. उतारावर खरवडल्यासारखा येत असेल तर मात्र लायनर झिजून आतले रिव्हेट वर आले समजायचं. चाकाच्या आतल्या लोखंडी ड्रमला ज्या पट्ट्या घासून मोटार थांबते, त्यांना आम्ही लायनर म्हणायचो.

पेठच्या मोटारीचा आवाज कुठल्याच वेळेला बसेना. चढावर ओरडायची, सपाटीला ओरडायची, कधी दिवसभर गप्प राहून नाशिकच्या वेशीत शिरताना किंचाळायची.

तीस सालानंतरची ती मंदीची वर्षं. आमचा कारखाना म्हणजे आग्रा रस्त्याला पत्र्याची एक लांबट शेड. एका शेठच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी तिथे दुरुस्तीला येत. मी देवगडकडचा. मराठी पाचवी झाली आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे आणि घरात होडीवर हात हवे होते. पुढे लग्न झालं, होडी विकली गेली आणि मोटारीचं काम शिकतो म्हणून निघालो तो नाशकात येऊन पडलो. पडलो हा शब्द खराच आहे. हिवतापाने फणफणून मी मोटार-स्टँडच्या भिंतीला पडलो होतो. लोक वळसा घालून जात होते. पेठ लाइनच्या ड्रायव्हरने मला उचललं आणि भद्रकालीमागच्या आपल्या खोलीवर नेलं. ताप उतरेपर्यंत त्या माणसाने माझी ओकारी काढली, माझे कपडे धुतले, आणि मी उभा राहायला लागल्यावर मिस्त्रींपुढे नेऊन सांगितलं, "चाचा, ह्यो माजा मावसभाऊ हाय. हाताला काम द्या."

मिस्त्रींनी माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "पाटील, तुमची मावशी समुद्रात कधी गेली?"

पण काम दिलं. तेव्हापासून मी त्या ड्रायव्हरच्याच, पाटलांच्याच खोलीत राहत होतो. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला कोकण्या म्हणायचे. बायको-पोर त्यांना राहिली नव्हती. मोटार होती.

तर ही मोटार दिवाळीनंतर ओरडायला लागली. पेठकडचे उतारू आधी चेष्टा करत. "सासरी निघाली वाटतं, रडतेय," म्हणत. मग काही जण घाटाच्या तोंडाशी उतरून पायी चालायला लागले, तेव्हा शेठ स्वतः कारखान्यात आले.

"अहो मिस्त्री, आवाज येतो तर थोडं एरंडेल सोडा की. बैलगाडीला आपण सोडत नाही का?"

"शेठजी," मिस्त्री म्हणाले, "गाडीच्या आसाला तेल घातलं तर आवाज बंद होतो. ब्रेकला घातलं तर उतारूंचाही बंद होईल."

शेठ हसले नाहीत. म्हणाले, "ते मला कळत नाही. या महिन्यात आवाज गेला पाहिजे. नाहीतर ड्रायव्हर बदलतो. पाय जड आहे त्याचा, सगळे सांगतात."

दादा तिथेच मडगार्डला टेकून विडी ओढत होते. त्यांनी ऐकलं आणि विडी पायाखाली चिरडली. मला आठवतं ते एवढंच, की चिरडताना त्यांनी खाली बघितलं. विडी चिरडायला कुणी खाली बघत नाही.

आम्ही चारी चाकं काढली. लायनर झिजलेले नव्हते, त्यावर तेल-ग्रीस आलेलं नव्हतं, रिव्हेट खोल होते. पण लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळा झाला होता आणि ड्रमला आतून निळसर झाक आली होती. लोखंड निळं पडतं ते तापून. मिस्त्री ड्रम उजेडात फिरवत म्हणाले, "हे जोरात दाबून झालेलं नाही. हे हळूहळू घासत राहून झालंय. काहीतरी ब्रेकला धरून ठेवतंय."

मग धरून ठेवणारं काय ते शोधायला लागलो. पट्ट्या मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या वाटल्या, त्या बदलल्या. पायडलपासून चाकापर्यंत जाणारे रॉड ताणलेले वाटले, ते सैल केले. लायनरची काच काचकागदाने उतरवली, कडा कानशीने मारल्या. मिस्त्रींनी मोटार गंगापूरच्या रस्त्याला नेली. तिकडे तेव्हा वस्ती नव्हती, नुसती मळ्यांची कुंपणं. जाता-येता कितीदा तरी ब्रेक मारला. आवाज नाही.

दादांनी पेठच्या फेऱ्या सुरू केल्या आणि आठवडा संपायच्या आत मोटार पुन्हा ओरडत आली.

मिस्त्री म्हणाले, "पाटील, ब्रेकवर पाय ठेवून बसता काय? ती काय उशी आहे?"

दादा एकदम तापले. "चाचा, तुमी पान्याला पाना म्हणाया लागला तवापासून मी मोटार हाकतोय! माजा पाय मला शिकवू नका."

दादा गेल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "उद्या तू बरोबर जा. घाट लागायच्या आधी एकदा उतर आणि ड्रमला हात लाव."

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या शेजारी बसलो. रामशेज किल्ल्याच्या खाली, सपाट रस्त्यावर, पाणी घालायला मोटार थांबली. तोपर्यंत ब्रेक मारायचं काही कारणच पडलं नव्हतं. मी चाकामागे वाकलो, बोट ओलं करून ड्रमला लावलं. चर्र झालं. मागच्या चाकाचंही तेच. ब्रेक न मारता ब्रेक तापले होते.

पुन्हा निघाल्यावर मी रस्ता सोडून त्यांच्या पायाकडे बघत बसलो. उजव्या पायाची बोटं रेसच्या पायडलवर होती आणि चपलेची आतली कड बाजूच्या ब्रेकवर चढून बसली होती.

"दादा, पाय ब्रेकवर आहे."

"न्हाय."

"आहे, दादा."

त्यांनी खाली बघितलं. मग दुसऱ्या कुणाचा पाय सरकवावा तसा तो बाजूला घेतला.

पेठला मोटार परतीपर्यंत उभी असायची. उतारू पांगले तसे दादा आंब्याखाली बसले आणि त्यांनी चप्पल काढली. तळव्याच्या कडेला भाजून फोड आला होता, तो फुटून लाल मांस दिसत होतं. इंजिनाजवळची लोखंडी पाटी तापते, तिला लागून. मी "अरे देवा" म्हणालो. त्यांनी शेजारचा बाभळीचा काटा उचलला, माझ्याकडे बघतच टाचेत रुतवला आणि तोंडाची रेघसुद्धा हलवली नाही.

"पावसाच्या आधीपासनं," ते म्हणाले. "आदी वाटलं, मुंग्या आल्यात."

मग त्यांनी धोतर वर केलं. पोटरीवर फिकट चट्टा होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती. रामकुंडाच्या वाटेवर चिंध्या गुंडाळलेले हात पुढे करून ओळीने बसलेली माणसं नाशकात कोण बघत नव्हतं? महारोग हा शब्द आमच्यात कुणी उच्चारला नाही.

"त्या वळीत एक आमच्याकडचा हाय," दादा म्हणाले. "शाळामास्तर व्हता. आता मी त्याला पैसा टाकतो आन् त्यो मला रामराम करतो. मोटार सुटली की मला त्याच्या शेजारी बसायचं. दुसरी जागा हाय का? सांग की. तू शिकलेला हायेस."

माझं शिक्षण पाचवीपर्यंतचं. मी म्हणालो, "काय करू सांगा."

"माज्या शेजारी बस. पाय ब्रेकावं गेला की गुडघ्यावर टिचकी मार. गुडघ्याला कळतंय अजून."

मी हो म्हणालो. त्या माणसाला नाही म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. मिस्त्रींनी कारण विचारलं तेव्हा मी चप्पल रुंद आहे म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. अरुंद घ्यायला सांग." लायनर पुन्हा घासून दिले. "रस्त्यावर नजर ठेवायला" म्हणून मला काही दिवस मोटारीवर पाठवलं. आवाज बंद झाला. शेठ खूश झाले. उतारू घाटात पुन्हा बसून राहायला लागले, आणि माझ्या टिचक्या बघून एक म्हातारा म्हणाला, "काय हो, ड्रायव्हरची मांडी म्हणजे तबला वाटला काय?" दादा सगळ्यांत मोठ्याने हसले.

खोलीवर मात्र त्यांनी आपलं तांब्या-ताट वेगळं केलं आणि अंथरूण ओट्यावर नेलं. थंडीचे दिवस होते. आत झोपा असं माझ्या ओठांवर येई आणि तिथेच राही. रोज गोदावरीवर मी वाळूने हात घासायचो, आणि घासताना लाज वाटायची.

असं किती दिवस चाललं ते आता सांगता येणार नाही. एका बाजारच्या दिवशी मोटार गच्च भरलेली, परतीला सावळघाट उतरत होतो. वळणावर मोळी घेतलेली, डोंगरातल्या कोकणी आदिवासींपैकी एक बाई रस्त्याच्या मधोमध चालत होती. दादांनी भोंगा वाजवला आणि पाय दाबला. मांडी ताठ झालेली मी बघितली, म्हणून मी निर्धास्त होतो. मोटार मात्र थांबेना. ब्रेक ओरडला नाही, पण तो आता ओरडत नव्हताच, आम्हीच त्याला गप्प केला होता. पूर्वीसारखा ओरडणारा असता तर न ओरडण्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला असता. मी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवरून घसरून खालच्या फळीवर गेला होता आणि ते सगळा जीव एकवटून फळी दाबत होते.

"दादा!" म्हणून मी दोन्ही हातांनी हातब्रेक ओढला. त्यांनी चाक डोंगराकडे फिरवलं. मडगार्ड खडकाला घासत गेलं, मागे बायका किंचाळल्या, आणि मोटार थांबली तेव्हा पुढच्या चाकाखाली मोळी मोडून पडली होती. बाई नव्हती.

ती करवंदीच्या जाळीतून वर आली. ओरबाडली होती, बाकी धड होती. येऊन तिने दादांच्या दारावर हात आपटला. "डोलं फुटलं का रं तुजं?"

"व्हय माय," दादा म्हणाले. "फुटलं."

ते खाली उतरले. मोळीची लाकडं गोळा करून त्यांनी तिला बांधून दिली. तिच्या हाताला हात लागू न देता, बांधलेली मोळी खाली ठेवून मागे सरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, चाकावं बस." कारखान्यात मोटारी पुढे-मागे करून आणि मिस्त्रींच्या शेजारी बसून मला चालवता येत होतं, घाटात कधी चालवली नव्हती. दादा माझ्या जागेवर बसले, तो पाय मांडीखाली दुमडून. पुरा घाट त्यांनी मला सांगितला: हितं सोड, हितं धर, हितं गेअर पाड. त्यांचा आवाज कुठेच कापला नाही.

नाशकात पोचल्याबरोबर ते शेठकडे गेले आणि डोळे गेले म्हणून सांगितलं. पायाचं सांगितलं असतं तर त्यांच्या खोलीत राहणाऱ्या मलाही कुणी उभं केलं नसतं, हे त्यांनी मला बोलून दाखवलं नाही. शेठ चुकचुकले. मिस्त्रींनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि पेठची मोटार मला मिळाली.

"खोलीला चुना मार," दादा मला म्हणाले. पेठच्याही पलीकडे, गुजरातच्या अंगाला, मिशनचा एक दवाखाना आहे, तिथे सुया टोचतात असं त्यांनी ऐकलं होतं. सकाळी मोटारीने सोडतो, मी म्हणालो. "मोटारीत लोकं बसत्यात," ते म्हणाले. मी उठलो तेव्हा ओटा रिकामा होता.

माझी पहिली फेरी. रामशेज मागे टाकल्यावर ते मला रस्त्याच्या कडेने चालताना दिसले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि प्रत्येक पाऊल खाली बघून टाकणं. मी त्यांच्याजवळ मोटार उभी केली. माझ्या शेजारची जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती.

"दादा, बसा."

ते चालतच राहिले. मी मोटार थोडी पुढे घेतली, पुन्हा उभी केली. ते आले आणि दारापासून बरंच लांब, चारीच्या पलीकडे, थांबले. मागून उतारू कुरकुरायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ओ ड्रायव्हर, चला की! ऊन झालं!"

ती हाक आधी दादांनी ऐकली. त्यांची मान सवयीने वर झाली. मग त्यांनी काठीने मला पुढचा रस्ता दाखवला.

मी गेअर टाकला. मागे धूळ इतकी उठली की आरशात काही दिसलं नाही.