कुंकवाचा हात

आमच्या सरबताच्या कारखान्यात यंदा खंडेनवमीला झेंडूचा हार नव्या यंत्राला घातला. ते खोक्यांवर लेबलं चिकटवतं. आजवर ते काम सुशीलाबाईंचं. त्यांची खळीची वाटी आणि ब्रश दरवर्षी पूजेत मांडलेला असायचा.

साहेब म्हणाले, "बाई, कुंकू तुम्हीच लावा. तुमचा हात सरळ."

सुशीलाबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं आणि सवयीने पत्र्यावरून तळवा फिरवला, लेबल नीट बसावं म्हणून प्रत्येक खोक्यावरून फिरवायच्या तसा.

अवजारांना आपण हात जोडतो, कारण ती हाताशिवाय चालत नाहीत. हे चालतं. मग त्याच्याकडे मागायचं तरी काय?

आज अवजारांना विश्रांती, म्हणून यंत्राचा पट्टा बंद होता. पेढा तसाच हातात धरून सुशीलाबाई म्हणाल्या, "त्याची विश्रांती उद्या संपेल. माझी नाही संपायची."