टिकारामचा दोना

योगराज कामचोर आहे, हे मत चिचगडच्या आतल्या त्या गावात सगळ्यात आधी बनवलं ते त्याच्या आईनेच. मंगली जात्याच तडफेची बाई. तेंदूपानांच्या हंगामात पहाटेच जंगलात जायचं, दुपारी ओसरीवर पुडे बांधायचे आणि उन्हं कलली की ओझं डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा मुन्शी पुडे मोजून घेतो त्या मैदानात, सगळ्यांच्या आधी हजर. तिचे पुडे मुन्शी उलटूनही बघत नसे. अशा बाईचा पोरगा पंचविशीत पुड्याला सालीची गाठ मारायला घुटमळू लागला, तेव्हा तिने त्याला आजारी समजावं तरी कसं? सकाळी हाच पोरगा तरातरा जंगलात जायचा. संध्याकाळ झाली की पाय आत वळायचा, बोटं जड व्हायची.

"सकाळी जेवाले बरा, सांजेले कामाले लंगडा," ती चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे. योगराजही हसायला बघायचा, पण हसू चेहऱ्यावर उमटायचंच नाही, आणि मंगलीला तोही त्याचा माज वाटायचा.

ओसरीवर कधीमधी तिची माय, इमलाबाई, बसलेली असायची. ती नातवाच्या पायाकडे बघायची आणि सुपारी कातरत राहायची. मंगलीचा नवरा पतिरामही बोलायचा नाही. मंगलीला वाटायचं, पोराची बाजू घेऊन मला खोटं पाडणारं घरात कोणी नाही, हेही काही थोडं नाही.

हे घर म्हणजे तिचं सासरही आणि आजोळही. इमलाबाई मूळची पतिरामच्याच घरची लेक. एका घराने लेक दिली, की पुढच्या पिढीत तिची लेक त्या घराला परत द्यायची, याला त्यांच्यात दूध लौटवणं म्हणतात. मंगली अशी दूध म्हणून मामाकडे आली आणि मामेभावाची बायको झाली. ज्या मामाने खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली, त्याच्याच चुलीशी नांदायला मिळालं याचा तिला अभिमान होता. आता तिची लेक, चंचल, वयात आली होती. मंगलीचा थोरला भाऊ मंगरू आपल्या पोरासाठी, ओमेशसाठी, तिला मागणार, हे पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. मंगलीची ना नव्हतीच.

मग एका संध्याकाळी योगराज बांधावरून चालता चालता जागीच थिजला आणि खालच्या धानाच्या बांधीत तोंडावर पडला. कपाळ फुटलं. रक्त बघून आईचा राग उतरला. देवरीच्या डॉक्टरने नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी योगराजला चालवून बघितलं, बोटं आपटायला लावली, आणि विचारलं, "घराण्यात आणखी कोणाला तरुणपणी असं झालं होतं?"

"नाही जी," पतिराम म्हणाला. मंगलीनेही मान हलवली. तिला खरंच माहीत नव्हतं.

बाईंनी गोळ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी योगराजने आपल्या हाताने सदऱ्याची बटणं लावली, तेव्हा मंगली परसात जाऊन रडली. ज्याला कामचोर म्हटलं त्याचा हात अर्ध्या गोळीने सुटला होता. मग तिघांचं रक्त तपासायला बाहेरगावी गेलं आणि काही आठवड्यांनी बाईंनी पुन्हा बोलावलं.

"हा पार्किन्सन आहे," बाई म्हणाल्या. "लोक याला म्हाताऱ्यांचा आजार म्हणतात, पण काही घराण्यांत तो तरण्या पोरांना धरतो. मेंदूत खोलवर थोड्या पेशी असतात. त्या जे रसायन बनवतात, त्याच्यावर आपली हालचाल चालते. प्रत्येक पेशीत ताकद बनवणारे बारके कारखाने असतात. ते बिघडले की खूण करून बाजूला काढावे लागतात. खूण करणारा जो कामगार, तोच योगराजच्या अंगात बनत नाही. बिघडलेले कारखाने पेशीत साचतात आणि शेवटी पेशीच मरते."

मंगलीला हे समजलं. पोत्यात एक ओलं पान राहिलं आणि वेळेवर कोणी काढलं नाही, तर सगळं पोतं बुरशी धरतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"मंग आमी दोघं काऊन बरे?"

"तुमच्यात या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे, एक चांगली. चांगलीवर काम भागतं. योगराजला दोघांकडून बिघडलेलीच आली. आणि दोघांतला बिघाड एकच आहे. म्हणजे तो एकाच जुन्या माणसाकडून तुमच्या दोघांत उतरलाय. मागे कोणाला झालं असेल, आठवून बघा."

"कोनाले नाही जी," पतिराम पुन्हा म्हणाला.

चंचलचं लग्न नात्यातच ठरतंय हे ऐकून बाई म्हणाल्या, आधी दोघांचं रक्त तपासा, कदाचित काहीच निघणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

परतीची बस कोहमाऱ्याला थांबली. धाब्यावर चहा घेतला. गोळीचा जोर उतरला होता. योगराजने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि तोंडच ग्लासाकडे नेलं.

"टिकारामकाका बी असाच ग्लास पकडे," पतिराम म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

टिकाराम म्हणजे इमलाबाईचा धाकटा भाऊ, मंगलीचा धाकटा मामा. तो जंगलतोडीच्या कूपात बांबू तोडायला गेला आणि ट्रकखाली आला, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं.

"ट्रकखाली गेला ना तो?"

पतिराम रस्त्यावरच्या ट्रककडे बघत बोलू लागला. टिकाराम कुठंच गेला नव्हता. तिशीत तो योगराजसारखाच आखडत गेला. लोक बघतील म्हणून त्याला शेतातल्या झोपडीत ठेवला. शिदोरी जवळच दिलेली इमलाआत्या न्यायची, पाणी लहानगा पतिराम. तिथंच तो खंगून मेला. कोणाला सांगू नको, म्हणून बापाने पतिरामला शपथ घातली होती.

"पोराले पाहून कळलं नाही तुमाले?"

"पहिल्याच सालात कळलं."

मंगलीला हा घाव सोसवेना. माहीत नसलेल्याला माफ करता येतं. हा माणूस तिच्या शेजारी जेवत होता, झोपत होता, आणि पोराला तिच्या तोंडून शिव्या बसत असताना त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. इमलाबाईने नाकारलं नाही.

"सांगतलं असतं तर तू तिथं नांदली असतीस? अन् दुसरीकडं तुले कोन केलं असतं? मायच्या घरात रोग, म्हनून बसून राहिली असतीस."

"अन् योगराज? त्याले मी कामचोर म्हनून राहिली होती, तू समोर बसून होतीस. माया तोंडून माया पोराले शिव्या देवाले लावल्या तुमी."

इमलाबाई रडली. तरीही ओमेशचं रक्त तपासायचं म्हणताच मंगरूने हात झटकले. "गावभर होईल, मंगली. माया पोराले काही नाही. तू आपली लेक दे." आणि माय भावाच्या बाजूने मान हलवत होती. एकदा केसाने गळा कापून यांचं भागलं नव्हतं, आता चंचलचा कापायचा होता.

मागणीला ते दिवाळीनंतर आले. मंगरू, ओमेश, इमलाबाई, आणि मोहाच्या दारूची बाटली. त्यांच्यात मुलीच्या आईने दोन्यातला, म्हणजे पानांच्या द्रोणातला, पहिला घोट घेतला की सोयरीक पक्की. त्याआधी दोन्ही घरांतल्या मेलेल्यांची नावं घेऊन एकेक थेंब जमिनीवर सोडायचा. गावचे उदारामबुवा नावं घेत गेले. मंगली लहानपणापासून ही नावं ऐकत आली होती. टिकारामचं त्यांत कधीच नसायचं, आणि ट्रकखाली मेलेल्याचं नाव घेत नाहीत, असं तिला सांगितलेलं होतं.

नावं संपली. बुवांनी भरलेला दोना तिच्या हाती दिला.

"एक राहिलं, बुवा," मंगली म्हणाली.

पतिरामने मान खाली घातली.

"टिकाराम. माया मामा. तिकडच्या झोपडीत मेला. माया योगराजले जो रोग हाय, त्याच रोगानं."

ओमेश बापाकडे बघत राहिला. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

मंगलीने टिकारामसाठी एक थेंब सोडला नाही. तिने दोना कलता केला आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तसाच धरला. सारवलेल्या अंगणाने दारू पिऊन टाकली, तिच्या ओठाला लावायला काही उरलं नाही. रिकामा दोना तिने मायच्या पुढ्यात ठेवला आणि ती आत गेली. योगराजच्या संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती.