एक मूठ भाजी आणि बंद झालेलं रान

बारवीकडच्या ठाकरवाडीत जायचं, हे माझ्या नणंदेनं ठरवलं. कविताचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. "रिसॉर्ट नको गं वहिनी, त्या डीजेनं डोकं उठतं," म्हणाली. या वाडीतल्या बायकाच पाहुण्यांना रान दाखवतात, घरचं जेवायला घालतात. आदल्या दिवशी फोन केला आणि निघालो.

आमच्या बदलापूरच्या कात्रपहून रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला यायचं, मग धरणाचा रस्ता. खड्डे असे की कंबरेचा पार भुगा. माणशी तीनशे रुपये, जेवणासकट. शेवटचा टप्पा पायी. बूट घाला, चप्पल चिखलात राहते. माझी राहिली!

पारीबाई आमची वाटाडी. चाळिशीची, फटकळ. निघतानाच तिनं बजावलं, "कायबी खुडू नका. नव्या भाजीला अजून देव दावला नाय." देवाला नैवेद्य झाल्याशिवाय वाडीत कुणी रानभाजी तोंडात घालत नाही. ओढ्यात साबण नाही, देवाच्या झाडांखाली बसणं नाही, हेही तिनंच सांगितलं.

मागच्या वर्षापर्यंत ती बदलापुरात मजुरांच्या नाक्यावर उभी राहायची. पाहुणे यायला लागले आणि ते सुटलं. "घमेली उचलून मान गेली व्हती बाय. आता रान दावायचं, गप्पा मारायच्या." केवढी खूश होती!

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, गावठी काकडी. हात पुसायला कवितानं पिशवीतून रुमाल ओढला आणि मूठभर कोवळी भाजी पारीबाईच्या पुढ्यात पडली.

मला वाटलं, आता शिव्या. कसल्या शिव्या! वाढणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले.

"अगं, पालाच तर आहे! डाळ घालून करणार होते," कविता पुटपुटली.

पारीबाई उठली. अंगणात बसलेल्या वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला तिनं स्वतःच जाऊन सांगितलं, "बाबा, माझ्या पावन्यानं भाजी खुडली."

"मंग देव दावीपातूर रान बंद," म्हातारा म्हणाला. "आन् तुला औंदा पावना नाय."

मी हादरलेच. अहो, चूक आमची आणि शिक्षा तिला? मी भांडायला उठले. "असं कसं? आम्ही कुणाला सांगणार नाही! बाहेरच्या कुणी पाहिलंय?"

"मी पायलं ना," पारीबाई म्हणाली. "पावना चुकला तर नेनारा चुकला. ह्यो कायदा आमी बायांनीच केला. माझाबी हात वर व्हता."

रविवारी अंबरनाथहून मोठा ग्रुप येणार होता. आमच्यासमोरच फोन करून तिनं त्यांना 'येऊ नका' सांगितलं. कविता रडायला लागली, तर पारीबाईनंच तिला पाणी दिलं. "जेवा आधी."

ती भाजी वाडीनं ठेवून घेतली नाही. घरी ओट्यावर वाळून गेली, फेकायलाही माझा हात धजेना. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, इतकी निगुतीनं राखलेली जागा आपल्याकडे मी दुसरी पाहिली नाही. फक्त हात खिशात ठेवा, बाबांनो!

गेल्या आठवड्यात सकाळी बँकेत निघाले होते. मजुरांच्या नाक्यावर पारीबाई बसलेली, शेजारी उपडं घमेलं. स्कूटर तिच्यापाशी थांबवली खरी. काय बोलणार होते मी, डोंबल?

तीच हसली. "बाय, देव दावला. रान उघाडलं. आता भाजी खावा हां."

मुकादमानं हाक मारली. तिनं घमेलं उचललं आणि टेम्पोत चढली.