मोटारीच्या थांब्यावरची भाकर

लोणारचं तळं काही आमच्या घराने खोदलेलं नाही, पण तळ्यापर्यंत माणसं आमच्या घराने आणली, असं मी म्हणते. कुणी हसलं तर हसू देते. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, जिल्ह्याचे साहेब गोरे होते आणि मेहकरहून लोणारला यायचं तर आमच्या तीन रेंग्यांशिवाय गत नव्हती. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. खाली कडबा, त्यावर गोधडी, वर तट्ट्याचं छप्पर. काठावरच्या झऱ्याला आम्ही धार म्हणतो, त्या धारेवर अंघोळीला यात्रेकरू यायचे, नागपूर-अमरावतीकडचे वकील, मास्तर यायचे, कधी हातोडी घेऊन दगड फोडत फिरणारा एखादा साहेब यायचा. साहेब सांगायचा, हा ज्वालामुखीचा खड्डा. आम्ही सांगायचो, देवाने लवणासुराला इथे मारलं. पुढे म्हणे असं निघालं की आभाळातून धोंडा पडला होता. चुकलो दोघंही, पण साहेबाची फजिती जास्त, कारण तो शिकलेला होता.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई वारल्या होत्या, त्यामुळे चूल पहिल्या दिवसापासून माझ्या ताब्यात. पाहुणे दोन दिवस राहत. रात्री आमच्या ओसरीवर झोपत, पहाटे मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांना सीताफळीच्या रानातून खाली तळ्यावर उतरवत आणि ऊन तापायच्या आत वर आणत. भाडं घ्यायचं ते रेंगीचं. जेवणाचं काही घ्यायचं नाही. ज्वारीची भाकर, बेसन, ठेचा, ताक, कितीही खा. पाहुणाही समजून असायचा. जाताना देवापुढे नारळ ठेवायचा, नाहीतर माझ्यासाठी खणाचा कपडा. मामाजींचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "भाकर इकली त घरची बरकत जाते."

माझं माहेर दुसरबीडचं. जात तीच, पण रीत वेगळी. आमचा भाजीचा मळा सडकेला लागून, आणि जालन्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला वांगी, मेथी, पेरू विकत मी लहानाची मोठी झाले. माझे वडील म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण. त्यामुळे मामाजींचं ते वाक्य ऐकलं की मी मान हलवायची, पण मनातून मला ते पटत नव्हतं. नवी सून होते, म्हणून मूग गिळून बसले होते.

मग सरकारच्या मनात आलं की लोणारचं तळं जगाने पाहावं. मेहकरचे तहसीलदार चावडीवर आले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पक्की सडक होणार, काठावर बंगला होणार, दूरदूरची माणसं येणार, गावाचं सोनं होणार. मामाजी त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी गावभर गूळ वाटला. जास्त माणसं म्हणजे जास्त रेंग्या, असा त्यांचा साधा हिशेब. सडकेच्या कामाला बंड्या, म्हणजे ओझ्याच्या बैलगाड्या, हव्या होत्या, तर सगळ्यात आधी आमच्या निघाल्या. दोन उन्हाळे आमच्या बैलांनी मुरूम वाहिला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा मारून घेतात ते मी तेव्हा रोज दारातून पाहत होते, फक्त तो धोंडा आहे हे मलाही कळलं नव्हतं.

सडक झाली आणि त्याच हिवाळ्यात मोटार आली. वर कापडी टप, पुढे हँडल मारून चालू करायची, आणि गावाच्या अलीकडे असतानाच सगळ्या कोंबड्या घरात. सकाळी मेहकरहून निघाली की दहाच्या सुमारास लोणारला, आणि दिवस कलायच्या आत परत. जिथे आमचे बैल एक अख्खा दिवस खात, तिथे मोटार भजी तळेपर्यंत पोचायची. वर्षभरात तीन रेंग्यांपैकी दोन सोप्यात उभ्या राहिल्या, त्यांच्यावर पोरं चढून खेळायला लागली.

माणसं मात्र आली, तहसीलदार खोटं बोलले नव्हते. पण ती भलत्याच वेळी आली. भर उन्हाची उतरायची, काठावरून खाली हिरवं पाणी पाहायची, नाकाला रुमाल लावायची, आणि मग त्यांना भूक लागायची. गावात चहाचंसुद्धा दुकान नव्हतं. कुणीतरी बोट दाखवायचं आमच्या घराकडे, की तिथे पाहुण्यांची सोय होते. आणि मामाजी, ज्यांचं भाडं त्या मोटारीने पळवलं होतं, ते मोटारीतून उतरलेल्या माणसांना हात धुवायला पाणी देऊन पाटावर बसवायचे. कधी सहा, कधी दहा. मी भाकरी थापायची, आणि कोठीतली ज्वारी रोज खाली जाताना पाहायची. भाडं बंद, भाकर चालू. असा धंदा जगाच्या पाठीवर फक्त आमच्या घरी चालत असेल.

एक दिवस एक अकोल्याकडचे गृहस्थ जेवून उठले आणि ताटाखाली चार आणे ठेवून गेले. चांगल्या मनाने ठेवले असणार. मामाजींना ते दिसले तेव्हा मोटार सुरू झाली होती. ते सडकेपर्यंत धावले, मोटार थांबवली आणि ते पैसे त्या माणसाच्या मांडीवर टाकून सगळ्यांदेखत म्हणाले की आमचं घर म्हणजे खानावळ नाही. त्यानंतर आमच्याकडे मोटारीचं माणूस फिरकलं नाही. मामाजींना वाटलं, इज्जत राहिली. मला वाटलं, ज्वारी राहिली. आम्ही दोघंही आपापल्या जागी समाधानी होतो.

ते समाधान दोन महिने टिकलं. एका दुपारी मोटारवाला, म्हणजे ती हाकणारा मेहकरचा माणूस, पाणी प्यायला ओट्यावर आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मालक म्हणते, लोनारले खायले भेटत नाही, मानसं उपाशी परत येऊन राह्यली. फेरी बंद करू."

मामाजींचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मोटार गेली की पुन्हा रेंगी जोडायची. माझ्या नवऱ्याने दोन्ही डगरींवर हात ठेवून 'हाव' म्हटलं, बापाकडे बघून एकदा आणि माझ्याकडे बघून एकदा. मी मात्र आतून ऐकत होते, आणि मला स्वच्छ दिसत होतं की मोटार बंद झाली म्हणून कुणी रेंगीत बसणार नाही. दोन तासांत पोचायची सवय लागलेला माणूस पुन्हा दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत नाही, तो घरीच बसतो. मोटार गेली की लोणारला यायचं लोकच सोडून देतील. तळं राहील, धारेचं पाणी वाहत राहील, आणि आम्ही त्या तीन रेंग्या सरपणाला फोडू. एक बैलजोडी बाजारात न्यायची गोष्ट आधीच निघाली होती.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. मी चौकटीकडे बघत बोलले. म्हटलं, मोटारीच्या थांब्यावर मी चूल मांडते, भाकर-बेसन विकते, एका ताटाला एक आणा.

मामाजींनी उपरणं काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "रेंगीचं भाडं बैलाच्या घामाचं हाय, सुनबाई. भाकर देवाची हाय."

"मामाजी, चुलीपाशी मले येते तो घाम नाही काय?"

एवढंच बोलले मी. आवाज चढवला नव्हता, पण राग आला होता हे लपवत नाही. ते उठले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि शेताकडे निघून गेले. जाताना नवऱ्याला सांगून गेले की ज्या चुलीवर विकायची भाकर होईल त्या चुलीचं मी खाणार नाही.

ठीक आहे, म्हटलं. घरची चूल घरची राहिली. पहाटे पहिली भाकर त्यांची, घरच्या चुलीवर, ती झाकून ठेवायची आणि मग डोक्यावर परात, कडेला पिठाचा डबा घेऊन थांब्यावर जायचं. तिथल्या कडुनिंबाखाली नवऱ्याने दगडांची चूल घालून दिली आणि एका मोडक्या रेंगीच्या फळ्या काढून बसायला बाक केला. त्या फळ्या काढताना तो मामाजी शेतावर जायची वाट बघत होता.

पहिल्या दिवशी पाच ताटं गेली. आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की माणसांना भर दुपारी तळ्यावर उतरवणं म्हणजे शत्रूचं काम. मी त्यांना सांगू लागले की आधी देऊळ पाहा, धारेवर अंघोळ करा, सावलीत जेवा, ऊन कललं की निम्म्यापर्यंतच उतरा. मोटारवाल्याला मी फुकट जेवू घालायची, तो बदल्यात तासभर उशिरा निघायचा. असा तह मी कोणत्याही तहसीलदाराला न विचारता केला. सहा महिन्यांत मेहकरला लोक सांगायला लागले की लोणारला झाडाखाली एक बाई बसते, तिच्या हातचं बेसन खाऊन या, आणि जमलं तर तळंही बघा. मोटारीची फेरी बंद झाली नाही, बाजारादिवशी तर दुसरी सुरू झाली. बैलजोडी घरीच राहिली. माझं चाललं होतं आणि मला ते माहीत होतं. खोटा विनय मला कधी जमला नाही.

फक्त मामाजी थांब्यावरून जाईनात. शेताला जायची सरळ वाट तिथूनच होती, ते ओढ्याच्या बाजूने लांबून वळसा घालत. घरी माझ्या हातची भाकर खात, पण माझ्याशी शब्द नव्हता. सहा महिने. माझ्या छातीत ते रोज टोचायचं, आणि टोचतं म्हणून मी आणखी जोरात भाकरी थापायची.

एक दिवस त्यांचे जालन्याकडचे जुने पाहुणे मोटारीने येणार असल्याचा निरोप आला. रेंगीच्या काळात दरवर्षी येणारे. पाहुण्याला घ्यायला सामोरं जायचंच, त्यामुळे मामाजींना थांब्यावर येणं भाग होतं. ते आले, आणि कडुनिंबाच्या पलीकडच्या बाजूला माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मोटार आली, भरलेली आली, पण पाहुणा काही उतरला नाही. मामाजी पुढच्या सडकेकडे बघत तसेच थांबले.

माझ्याकडे गर्दी उडाली होती. तेवढ्यात बाकाच्या टोकाला एक म्हातारी येऊन टेकली. धुळीने पाय पांढरे, काखेत गाठोडं. डोणगावाकडून पायी धारेवर आली होती. मी ताट तिच्यापुढे नेलं आणि सवयीने म्हटलं, "एक आना पडते, माय."

तिने गाठोड्याकडे हात नेला, मग तसाच मागे घेतला. "मंग राहू दे, बाई. पानीच दे."

आणि मी, खरं सांगते, ताट उचललं आणि दुसऱ्याला दिलं. मागे आठ माणसं 'भाकर आण, बेसन आण' करत होती. मी तिला तांब्याभर पाणी दिलं आणि वळले. वळले तर मामाजी चुलीपाशी उभे होते. त्यांनी कनवटीचा एक आणा काढून माझ्या परातीच्या काठावर ठेवला.

"तिले वाढ," म्हणाले.

मी तो आणा परत करू लागले. त्यांनी हात मागे घेतला. "घे. तू धंदा करतं ना."

मी घेतला. म्हातारीला दोन भाकरी वाढल्या, वर बेसन, कांदा. ती जेवेपर्यंत मामाजी तिथे उभे राहिले आणि मग ओढ्याच्या वाटेने निघून गेले. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की उरलेलं पीठ मळायला हात चालेना. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते. त्यांनी पैसे दिले, तिथे मला बोलायला जागा उरली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, मामाजी ओट्यावर होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. उद्यापासून थांब्यावरचा कायदा बदलला. जो मोटारीने आला, त्याने भाड्याला पैसे दिले आहेत, त्याच्याजवळ आणा आहे, तो देईल. जो पायी आला, त्याच्याकडून मी काही घेणार नाही, तो कुणीही असो, कितीही खावो. नवऱ्याने विचारलं, असे दहा आले तर? म्हटलं, दहा आले तर अकरावी भाकर थापीन.

दुसऱ्या दिवशी मोटार येऊन माणसं जेवायला बसली होती. मी मान खाली घालून भाकर उलटत होते. बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला, आणि गावातली दोघं-तिघं बाजूला सरकली, कारण त्यांना आमच्या घरातलं सगळं माहीत होतं. मी वर पाहिलं. मामाजींनी पायातले जोडे काढून बाजूला नीट ठेवले होते, उपरणं मांडीवर घेतलं होतं, आणि पायांवर शेतातल्या वाटेची धूळ तशीच होती.

मी पदर पुढे घेतला. ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, पण ठेवायला हात धजेना. त्या चुलीची भाकर त्यांनी वर्ज्य केली होती.

त्यांनीच ताटाला हात लावला.

"मी पायी आलो, सुनबाई," म्हणाले.