सूचनावहीत माझं नाव

बेळगावच्या मुलींच्या हायस्कुलात मी आया होते. मराठी तिसरीतच शाळा सुटली, पण वाचता येत होतं, म्हणून सूचनावही वर्गावर्गांत फिरवायचं काम माझ्याकडं. हेडबाई सूचना लिहायच्या, शिक्षिका वाचून सही करायच्या.

बेचाळीस सालची गोष्ट. शाळेसमोरून स्वराज्याच्या घोषणा देत मिरवणूक चाललेली. मोठ्या मुली फाटकाशी येऊन म्हणाल्या, आक्का, सोड आम्हाला. किल्ली माझ्या कमरेला. सोडलं मी. शिक्षिकांनी खिडक्यांतून बघितलं.

आठवड्यानं वरून सरकारी कागद आला. फाटक कुणी उघडलं, नाव कळवा. हेडबाईंनी वहीत स्वतःबद्दल लिहिलं, शाळेची प्रमुख म्हणून फाटकाची जबाबदारी माझी, मी स्वतःचंच नाव कळवत आहे. कुणाला वेगळं सांगायचं असल्यास खाली लिहावं.

वही घेऊन निघाले. कुणी माझं नाव लिहिलं तर नोकरी जाणार. लोंढ्याकडं गावी आई माझ्याच जिवावर. शिवणाच्या बाई चिडल्या. हेडबाईंचं बरं आहे, एकटा जीव. त्यांचंच नाव गेलं आणि शाळेची सरकारी मदत थांबली की आमच्या चुलीत काय घालायचं? गणिताच्या बाईंना तो नुसता हट्ट वाटला. शाळा चालवणाऱ्यानं आधी शाळा वाचवावी, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीच्या बाई मात्र म्हणाल्या, अशांच्या हाताखाली राबायला बरं वाटतं. सह्या सगळ्यांनी केल्या. माझं नाव एकीनंही लिहिलं न्हाय.

मग मलाच राग आला. माझ्या हातनं झालेलं दुसरीच्या नावावर का जावं? मी काय चोरी केलती? जिन्यात बसले आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, फाटक मी उघडलं. खाली सही केली.

"तुला कुणी लिहायला सांगितलं गं?" हेडबाईंनी विचारलं.

"तुमीच की. सांगायचं असंल तर लिहा म्हटलासा."

वहीच्या पानांना आकडे घातलेले, फाडायची सोय नव्हती. बाईंनी वही माझ्यापुढं सरकवली.

"खोड म्हटलं तर खोडशील?"

"न्हाय."

त्यांनी दोन्ही नावं कळवली.

महिन्याभरात दोघींनाही काढलं. शिवणाच्या बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्यामुळं त्यांचं करणं वाया गेलं. गेलं असंल. नागपूरच्या ह्या वसतिगृहातलं काम हेडबाईंनीच लावून दिलं. ते उपकार फिटायचे न्हाईत. इथं कुणी तपासणीला आलं की अजून भीती वाटते. पण ती वही पुन्हा हातात आली तर तेच लिहीन. अक्षर तेवढं नीट काढीन.