वेलीवर ठेवलेले चार घड

गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत टेबलावर नेहमी दोन ग्लास असायचे. शेजारच्या काकू एकदा डोकावून म्हणाल्या, "पाहुणे आलेत वाटतं." मी हो म्हटलं. दोन वाइन शेजारी ठेवून घोट घेत तुलना करायची, हा माझा अभ्यास, हे त्यांना कुठं समजावत बसायचं? खरं सांगायचं तर कोणीतरी आलंय असं त्यांना वाटलं, याचंच मला बरं वाटलं.

नोकरी वायनरीत, येणाऱ्यांना वाइन चाखवण्याची. वडील माळकरी, आणि द्राक्षबागाईतदार. नोकरी धरली तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. चार वर्षं. मी त्यांचीच मुलगी, त्यामुळे आधी बोलायला मीही गेले नाही. निरोप आईमार्फत जायचे.

त्या हिवाळ्यात परीक्षेसाठी जर्मन वाइन शिकत होते. नावं उच्चारताना जीभ अडखळायची, पण एक गोष्ट चटकन कळली. तिथं वाइनची प्रत ठरवताना काढणीच्या वेळी द्राक्षात साखर किती उतरली ते बघतात. हे तर आमच्या घरातलंच. मण्याचा थेंब यंत्राच्या काचेवर टाकून, एक डोळा मिटून गोडी बघणाऱ्या वडिलांच्या मागं मी लहानाची मोठी झाले.

मग आइसवाइनचा धडा आला. काही शेतकरी घड मुद्दाम वेलीवरच ठेवतात, कडाक्याच्या थंडीची वाट बघत. मणी गोठले की तसेच पिळतात. पाण्याचा बर्फ मागं राहतो, नुसता गोड रस निघतो. मी एकटीच हसत सुटले. आमच्याकडं थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. यातली गंमत कळेल असं माझं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याशी बोलत नव्हतं.

सकाळी आईला फोन लावला. "तुझे अण्णा आत्ताच शेकोट्या करून आले. लय गारठा हाय," ती म्हणाली. तिचा फोन कायम स्पीकरवर. मी आइसवाइनचं सगळं सांगितलं. मग मागून अण्णांचा आवाज आला, "तिला विचार, मणी तडकत नाय का त्यांचे?"

"तडकतात, गळतात, पाखरं खातात. उरतील तेवढ्यांचीच करतात," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं होतं, तरी आईनं पुन्हा सांगितलं.

"येडे हायेत," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले. मार्चमध्ये आई म्हणाली, "सगळा माल गेला. कोपऱ्यातल्या वेलीवर चार घड तेवढे ठेवलेत. कोणाला हात लावू देत नाय. कशाला ते सांगत पण नाय."

मला कळलं कशाला. त्या उन्हात मणी कुठून गोठणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नुसतं 'ये' म्हणणं त्यांना जमत नव्हतं. मी बॅग भरली आणि त्यांनी बोलवावं म्हणून थांबले. एक रविवार गेला, दुसराही गेला.

एप्रिलची छाटणी आली. "पार मनुका झाल्या होत्या त्यांच्या," आई म्हणाली. "काल तुझ्या अण्णांनीच कापले."

माझ्या खोलीपासून बाग एसटीनं तासाभरावर आहे. भरलेली बॅग अजून दाराशीच होती.