हॅलो, बोर्गी बोलतेय!

वॉर्ड ऑफिसात तक्रारी निकाली निघतात. आज नाही उद्या, पण निघतात. किस्से मात्र कधीच निकाली निघत नाहीत. नळाची तक्रार असो नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्सचा कॉल, रिसीव्हर खाली ठेवला की मागे एक किस्सा उरतोच. माझ्याकडे आता इतके साचलेत की चारचौघांत कोणी नुसतं "फोन" म्हटलं तरी मी सुरू होते. थांबवायची कोणाची छाती नाही!

आमचा वॉर्ड बागबाजारचा, उत्तर कोलकात्यातला. शहर असेल मोठं. आमचा वॉर्ड म्हणजे तालुक्याचं गाव. आग, साप, चक्कर, तुंबलेलं गटार, सगळं एकाच हेल्पलाइनवर येतं. फोनवर आम्ही दोघी. एक मिताली, पंचविशीतली, कंत्राटावर. दुसरी मी, वत्सला जोगळेकर, सत्तरी ओलांडलेली, बिनपगारी. बंगाली जिभेवर मी "बोत्शोला" होते. आणि "ळ" त्या जिभेला झेपतच नाही, तेव्हा आडनावाचं काय होतं ते विचारू नका. म्हणून सगळे मला माशीमाच म्हणतात, म्हणजे मावशी. शाळा मी चौथीपर्यंत शिकले. बंगाली दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, इंग्रजी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इथे आला, रिटायर झाला, गेला. मी कुठेही गेले नाही.

आमचे हेडक्लार्क म्हणजे बडोबाबू. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मराठी? म्हणजे बोर्गी!"

मराठा स्वारांना इथे बोर्गी म्हणतात. त्यांनी बंगाल लुटला त्याला शतकं उलटली, राग गेलेला नाही. त्यांना अडवायला खणलेला खंदक आमच्या बागबाजारपासूनच सुरू व्हायचा.

मी म्हटलं, "बडोबाबू, खंदक तुम्ही बुजवलात. आता मी आत आलेय. फोन कुठेय?"

तेव्हापासून मी ऑफिसची बोर्गी.

*

मग आलं मशीन.

वरच्या ऑफिसातले एक साहेब टाय लावून आले. टेबलावर एक काळा डबा ठेवला. म्हणाले, "यापुढे फोन हा उचलेल. लोक बोलतील, हा ऐकेल आणि योग्य खात्याकडे पाठवेल. दुर्गापूजेपर्यंत ट्रायल. चाललं तर माणसाची गरज नाही."

ट्रायलमध्ये मितालीचं काम काय? कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही! बोलली तर कंत्राट तिथेच संपलं.

माझं काय, मला काढलं तर मी घरी बसून जास्त भांडेन. पण मितालीच्या घरात मिळवणारी ती एकटी. वर बडोबाबूंचा तिच्यावर आधीच दात. का, तर ही पोरगी आधी गाडी पाठवते आणि मग रकाने भरते. त्याबद्दल तिला मीसुद्धा झापायची. "नाव, पत्ता, जवळची खूण! तीन प्रश्न विचारल्याशिवाय गाडी हलवायची नाही!"

साहेब म्हणाले, "मशीनचा मोठा फायदा म्हणजे ते कधी चिडत नाही."

मी म्हटलं, "घर जळताना समोरचा चिडत नसेल, तर त्याला फोन करायचा कशाला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहून बडोबाबूंना विचारलं, "या कोण?"

बडोबाबू म्हणाले, "या आधीपासून आहेत."

*

आता मशीन यायच्या आधीचं सांगते. मराठी आणि बंगाली या बहिणी, असं विद्वान म्हणतात. असतील. पण त्या एकमेकींच्या साड्या नेसतात आणि माणूस फसतो!

मी नवी होते तेव्हा शेजारची म्हातारी रोज दुपारी जिन्यात उभी राहून कळवळून ओरडायची, "आय! आय!" मला भडभडून यायचं. या वयात बाई आईसाठी रडतेय! एक दिवस धीर करून तिचे डोळे पुसायला गेले, तर ती मांजराला बोलावत होती. बंगालीत "आय" म्हणजे "ये"! मांजर आलं, माशाचं डोकं घेऊन गेलं. मी पदर आवरून घरी आले.

पण माझी सगळ्यात गाजलेली केस म्हणजे चूल.

एका गृहस्थांचा फोन. धापा टाकत म्हणाले, "चुले आगुन लेगेछे!"

मी शांत. "लागणारच. चूल असते कशाला?"

"गिन्नीर चुल, माशीमा!"

"बायकोचीच असणार. तुम्ही जन्मात कधी पेटवलीये?"

मितालीनं माझ्या हातातून रिसीव्हर हिसकावला आणि किंचाळली, "पाणी ओता! ओला टॉवेल गुंडाळा!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माशीमा, चुल म्हणजे केस!"

बाई देवापुढे वाकल्या आणि वेणीचं टोक दिव्यात गेलं होतं. सुदैवानं तेवढंच जळलं. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः ऑफिसात आल्या, झकास बॉबकट करून, हातात संदेश मिठाईचा बॉक्स. मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून कापायचे होते. सासूबाई कापू देत नव्हत्या. थँक्यू!"

*

माझ्या चुकीवर सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात जास्त बडोबाबू. म्हणून त्यांचीही एक सांगते.

दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. फोन बडोबाबूंनी घेतला. पलीकडून क्षीण आवाज आला, "भीषण गॅस... पूर्ण भरलाय... सहन होत नाही..."

बडोबाबूंनी एकदम फायर ब्रिगेडलाच कळवलं. गल्ली रिकामी करवली. घंटा वाजवत बंब आला, हेल्मेट घातलेले जवान जिना चढून वर गेले. वर लुंगीतले एक काका, पोटावर हात ठेवून पलंगावर आडवे.

"काका, गॅस कुठेय?"

काकांनी पोटाकडे बोट दाखवलं. सकाळी लुची, दुपारी मटण, वर मिष्टी दोई!

कोलकात्यात गॅस म्हणजे आधी हाच, सिलिंडर नंतर. हे बंगाली असून बडोबाबूंना सुचलं नाही, त्याला मी काय करू? जवानांच्या म्होरक्यानं हेल्मेट काढलं, स्वतःच्या खिशातून अ‍ॅसिडिटीची गोळी काढली आणि काकांना दिली. ती इथे प्रत्येकाच्या खिशात असतेच.

रिपोर्टमध्ये त्यानं लिहिलं, "जळजळ आटोक्यात."

*

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तपन. माझ्या तीन प्रश्नांवर त्याची श्रद्धा. एकदा कॉल आला. मी सगळं नीट विचारलं. नाव हिरण्मयबाबू, छातीत दुखतंय, गल्ली अमुक, खूण मिठाईचं दुकान. तपन निघाला.

गल्लीत पोचला, तर हिरण्मयबाबूंना कोणी ओळखेना! मिठाईवाला म्हणाला, "असा माणूस इथे नाही." पानवाला म्हणाला, "होता बहुतेक, सोडून गेला." चौकातल्या बाकावरचे चार म्हातारे तर शपथेवर सांगायला लागले की या गल्लीत हिरण्मय जन्मालाच आलेला नाही.

मी हिरण्मयबाबूंच्या बायकोला परत फोन लावला. ती म्हणाली, "ओ मा! 'बापी' म्हणून विचारा ना!"

तपननं नुसतं "बापी" म्हटलं आणि सगळी गल्ली उठली. "बापी? बापीला काय झालं?" बाकावरचे चारही म्हातारे स्ट्रेचरला हात लावून धावले. बापीचं वय ऐंशीच्या पुढे! वेळेत पोचला, वाचला.

बंगाली माणसाची नावं दोन. एक कागदावरचं, एक हाक मारायचं. त्या दिवसापासून माझा चौथा प्रश्न, "हाकेचं नाव काय?"

मितालीचं मी तिथल्या तिथे काढून घेतलं. टुकटुकी.

"आणि तुमचं, माशीमा?"

"ते एकट्या माझ्या आईला माहीत होतं. ती गेली, नाव गेलं. फोन घे, वाजतोय."

*

आता मशीनचा पराक्रम. ट्रायलचेच दिवस. दिवेलागणीला एका बाईचा फोन आला, हळू आवाजात, "घरात लता आलीये."

तिन्हीसांजेनंतर इथली जुनी माणसं सापाला साप म्हणत नाहीत. लता म्हणतात, म्हणजे वेल. नाव घेतलं की तो ऐकतो म्हणे. आमच्या आजोळी लांबडं म्हणायचे, तसंच. हे मला कळतं, मितालीला कळतं, वॉर्डातल्या शेंबड्या पोराला कळतं.

मशीन गोड आवाजात म्हणालं, "धन्यवाद. आपला कॉल उद्यान विभागाकडे पाठवत आहोत."

मिताली हेडफोन लावून पाय आपटत होती. बोलायची बंदी! शेवटी मीच माझ्या मोबाइलवरून सर्पमित्राला कळवलं. मला कोणाची बंदी?

सर्पमित्र पोचला तेव्हा उद्यान विभागाची दोन माणसं आधीच आत होती. कात्री आणि करवतीसह. कपाटावर चढून बसलेली!

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मशीन शिकतंय."

मी म्हटलं, "शिकू द्या. लता पण वाढतेय!"

पण साहेबांनी वर कळवलं की ट्रायल समाधानकारक. त्या दिवशी मिताली जेवणाचा डबा न उघडताच घरी गेली.

*

आता शेवटचा.

माझा मुलगा दक्षिण कोलकात्यात, बालीगंजला राहतो. नातू मराठीत "आजी, मी पाणी खाल्लं" म्हणतो, कारण बंगालीत पाणीसुद्धा खातात. मुलगा दर रविवारी म्हणतो, "आई, एकटी राहू नकोस, पडशील." मी दर रविवारी म्हणते, "पडेन तेव्हा बघू."

सोमवारी पडले.

स्वयंपाकघरात मोहरीच्या तेलाची बाटली हातातून निसटली आणि तिच्यामागे मी. उठायला गेले तर कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मोबाइल कमरेलाच होता. मुलाला लावावा? छे! जन्मभर ऐकावं लागलं असतं. बोट आपसूक आमच्याच नंबरवर गेलं.

मशीननं उचललं. "नमस्कार. बांग्लासाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. आपली अडचण सांगा."

मराठीसाठी काहीच नाही! मी त्याची चांगली खरडपट्टी काढणार होते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं फक्त, "आई गं!"

"क्षमा करा, आपलं म्हणणं समजलं नाही."

"आई गं... आई गं..."

"क्षमा करा, आपलं म्हणणं..."

मोबाइल हातातून सुटला. घरंगळत कपाटाखाली गेला आणि तिथून मशीन क्षमा मागत राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली सायरन वाजला. मग दारावर धक्के, कडी मोडल्याचा आवाज, आणि तपन आत. त्याच्या मागे, हेडफोन अजून गळ्यात लटकलेला, मिताली!

मी जमिनीवरूनच सुरू केलं. "तू इथे कशी? खुर्ची सोडलीस? कंत्राट घालवायचंय का? फोनवर कोण आहे?"

"बडोबाबू," तपन म्हणाला. "मशीनचा प्लग स्वतः उपटला त्यांनी. साहेबांच्या समोर! म्हणाले, बोर्गी परत जावी असं आम्ही शतकानुशतकं म्हणत होतो, पण अशी नाही. आधी तिला उचलून आणा."

मी लगेच मितालीवर घसरले. "नाव विचारलंस? पत्ता? खूण? हाकेचं नाव? काही न विचारता गाडी काढलीस! कोणाच्या ऑर्डरनं?"

"तुमच्याच," मिताली म्हणाली. "दोनदा बोलावलंत की. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. 'आय गो, आय गो!'"

"मी तुला 'आय' म्हटलंच नाही, मूर्ख मुली! मी आईला हाक मारत होते!"

मितालीनं माझ्या मानेखाली हात घातला, डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली,

"हो ना. म्हणून तर आले."